जुबली हॉलचा आवाज बसवण्याबाबत

भय्याजी आमच्याकडे आले तेव्हा माझ्या एका हातात गुड्डीचं ओलं झबलं होतं आणि दुसऱ्या हातात खुद्द गुड्डी. अशा अवस्थेत आपल्याला कोणी इंजिनिअर म्हणून हाक मारली तर बरं वाटतं. भय्याजींनी मारली. म्हणजे, "सूनबाई, तुम्ही त्या नागपूरच्या कंपनीत स्पीकर-गिकर लावत होत्या ना?" असं म्हणाले. मी मनातल्या मनात 'लावत'वर काट मारून 'ध्वनियंत्रणेची रचना करत' असं लिहिलं आणि हो म्हटलं.

भय्याजींची राइस मिल आहे आणि ते जुबली हॉल समितीचे अध्यक्षही आहेत. या दोन्ही कामांना मोठा आवाज लागतो. भय्याजींचा आवाज मात्र इतका बारीक, की मिल चालू असली की ते हमालांशी खुणांनीच बोलतात. जुबली हॉल कोणत्या राजाच्या ज्युबिलीसाठी बांधला यावर पवनीत दोन मतं आहेत, आणि दोन्ही मतांचे लोक एकमेकांच्या घरच्या लग्नाला जात नाहीत. हॉल मात्र देखणा. सागवानी गॅलरी, उंच छत, कमानीच्या खिडक्या. बरीच वर्षं बंद होता, आत्ता कुठे त्याची डागडुजी झाली. खाली चकचकीत फरशी बसली, भिंतींना गुळगुळीत गिलावा झाला आणि तिथेच घात झाला. आता हॉलमध्ये बोललेलं वाक्य छताला लागून, गॅलरीत फिरून, सगळ्या भिंतींना भेटून परत येईपर्यंत बोलणारा पुढच्या मुद्द्यावर गेलेला असतो.

"परवा ट्रायल घेतली," भय्याजी म्हणाले. "मी म्हटलं, बंधू आणि भगिनींनो. तर भगिनींच्या आधी बंधूच चार डाव वापस आले. दिवाळीमागच्या मंडईच्या, नाटकांच्या हंगामात उद्घाटन ठेवलं आहे. माइक, स्पीकर, पडदा, जुने फोटो दाखवाचे तर ती मशीन, सगळं तुम्ही बसवून द्या. बाहेरचा माणूस आणला तर आपल्या हॉलचं काय समजंन त्याले?"

"कार्यक्रमात काय काय आहे?" मी जमेल तेवढ्या गंभीरपणे विचारलं. गुड्डी माझं मंगळसूत्र चघळत होती.

"माझं भाषण. जुने फोटो. आन् मंग पंचफुलाबाईंचा पाळणा."

पंचफुलाबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आमच्या आई. मोहल्ल्यातल्या बायकांचं त्यांचं गाणं-मंडळ आहे, आणि गुड्डीसाठी त्यांनी स्वतः जुळवलेला पाळणा आता मोहल्लाभर झाला आहे. त्या स्टेजवर पहिल्यांदाच गाणार होत्या. ही बातमी ऐकून त्या दारामागून "अवो माय!" म्हणाल्या आणि लगेच कोणतं लुगडं, या विचारात पडल्या.

सासरे समोर खाटेवर बसले होते. त्यांना यातलं काहीही ऐकू आलेलं नव्हतं.

बाबा रिटायर शिक्षक. बाबुलाल गुरुजी म्हटलं की निम्मी पवनी अजून हात मागे घेते. ऐकू येणं जसजसं कमी झालं तसतसा त्यांचा आवाज वाढत गेला. आता ते आईंच्या कानात काही सांगतात तेव्हा शेजारची बेबीबाई आपल्या ओट्यावरून उत्तर देते. सुगतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्यांना नागपूरहून चांगलं कानाचं मशीन आणून दिलं. ते चष्म्याच्या घरात झोपलेलं असतं. "त्यात माणसं बोलत नाहीत," बाबा म्हणतात, "भांडी बोलतात."

मी त्यांना ओरडून कार्यक्रमाचं सांगितलं. ते छान हसले. "तुम्ही जा सगळे. मी घर पाहीन. त्या हॉलमध्ये चांगल्या कानवाल्याले समजत नाही, मी जाऊन काय करू? नुसते भुंगे घुमतात डोक्यात."

आईंनी लुगड्याच्या विचारातून मान वर केली आणि परत खाली घातली. तेवढ्यावरून मी गुड्डीला खाली ठेवलं आणि बाबांसमोर उभं राहून, सगळ्या मोहल्ल्याच्या साक्षीने, बोलून गेले, "बाबा, तुम्ही यायचं. आईंचा पाळणा तुम्हाला ऐकू येईल. माझी गॅरंटी."

"देली गॅरंटी!" बेबीबाई पलीकडून म्हणाली.

भय्याजी गेल्यावर आईंनी मला चुलीमागे ओढलं. (आमच्याकडे गॅस आहे, पण गुप्त बोलायची जागा अजून चुलीमागेच.) "तू खरंच ऐकवशील त्याइले?"

"हो."

"मंग दुसरं कडवं बदलावं लागंन, वो."

दुसरं कडवं आम्हा सगळ्यांना पाठ होतं. आई ते रोज बाबांच्या खाटेला टेकून, गुड्डीला मांडीवर घेऊन, अगदी गोड चालीत म्हणतात:

*आबाजीले मारू हाका, आबाजी काही वळत नाही,*
*दगडाले फुटंन पाझर, आबाजीले कळत नाही.*

आणि बाबा, म्हणजे खुद्द आबाजी, समोर बसून, आपली बायको नातीला किती प्रेमाने जोजवते म्हणून कौतुकाने मान डोलवत असतात. मोहल्ल्यातल्या बायका हा देखावा पाहायला म्हणून पीठ मागायला येतात.

*

दुसऱ्या दिवशी गुड्डीला कडेवर घेऊन मी हॉलची पाहणी केली. पाहणी म्हणजे टाळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते ऐकायचं. मी टाळी वाजवली. गुड्डीला वाटलं, खेळ. तिने "आऽ" केलं. हॉलने "आ-आ-आ-आ" केलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणीतरी तिच्याच भाषेत उत्तर देणारं भेटलं होतं. त्यानंतर अर्धा तास पाहणी तिनेच केली.

जागेश्वर तिथे आधीच हजर होता. पवनीतल्या सगळ्या लग्नांत, तेरव्यांत आणि मंडईच्या नाटकांत जागेश्वर साउंड सर्व्हिसचेच डबे वाजतात. आवाजाच्या कोणत्याही दुखण्यावर त्याच्याकडे एकच औषध. "मॅडम, डबल बॉक्स लावू. हॉल घुमते ना? त्याच्यापेक्षा मोठा आवाज केला का त्याचं घुमणं आयकूच नाही येणार."

मी त्याला समजावलं की हॉल म्हणजे भांडखोर सासरा, तुम्ही ओरडलात तर तो दुप्पट ओरडतो. त्याला गप्प करायचं तर भिंतींवर मऊ काहीतरी लावायला हवं, म्हणजे आवाज त्यात मुरतो, परत येत नाही. भरलेल्या हॉलमध्ये हे काम माणसंच करतात.

"माणसं भिंतीले लावाची?" जागेश्वरने विचारलं.

भिंतीला काहीही लावायचं तर परवानगी हवी, कारण हॉल जुना आणि पुरातन वास्तूंच्या यादीतला. मी अर्ज केला. त्यासाठी गुड्डी झोपायची वाट पाहिली, आणि पाठ्यपुस्तकातल्यासारखं शुद्ध लिहिलं. विषय: जुबली हॉलचा आवाज बसवण्याबाबत.

ते कार्यालय कोणतं ते राहू द्या. तिथल्या बाबूंनी विषय दोनदा वाचला. मग चष्मा काढून माझ्याकडे कणवेने पाहिलं. "आवाज बसला आहे का?"

"नाही ना. बसवायचा आहे."

"मॅडम, आवाज बसला म्हणजे खराब झाला. म्हणजे तुम्ही चांगला आवाज खराब करायची परवानगी मागून राहिल्या."

"तसा नाही हो. जसा कपड्यावर रंग बसतो, साडीची घडी बसते, तसा हॉलमध्ये आवाज बसतो. नीट. जागच्या जागी."

"मंग तसं लिवा ना. हॉलची घडी बसवण्याबाबत."

रांगेत माझ्यामागे बेबीबाईचा नवरा उभा होता. त्याने यातलं नेमकं काय ऐकलं ते मला घरी गेल्यावर कळलं. तोवर बाबूंनी परवानगी दिली, ती अशी: वास्तूच्या भिंतीस खिळा, स्क्रू, हुक मारू नये. छतास काही टांगू नये. फरशी फोडू नये.

"मग स्पीकर आणि बाकीचं ठेवू कुठे?"

"ते तुम्ही अर्जात विचारलेलं नाही."

घरी पोचते तर ओट्यावर बेबीबाई, तिच्या हातात ज्येष्ठमध, आणि मागे आईंच्या मंडळातली सत्यभामाबाई, तिच्या हातात हळदीचं दूध. बातमी माझ्या आधी पोचली होती. भावनाचा, म्हणजे माझा, आवाज बसला आणि ती त्यासाठी सरकारी अर्ज करून आली.

"अवो, माझा आवाज ठीक आहे," मी म्हटलं.

"जोर नको देऊ, माय!" बेबीबाईने माझ्या तोंडावर हात ठेवला. "बाळंतपणानंतर होते असं. गळ्याची नस आखडते. हे दाढेखाली धर."

मी खुलासा करायला तोंड उघडलं की त्या दोघी कळवळून डोळे मिटायच्या. शेवटी ज्येष्ठमध दाढेखाली धरला. पुढचा आठवडाभर सत्यभामाबाई माझ्याशी खुणांनी बोलत होती. कधी कधी मीही विसरून खुणांनी उत्तर देत होते.

*

खिळा नाही, हुक नाही, टांगणं नाही. म्हणजे आपल्या पायावर उभं राहील असं काहीतरी मऊ, जाड आणि पुष्कळ हवं होतं. गुड्डीला भात भरवताना माझ्या डोक्यात उजेड पडला. पोती! भिंतीला टेकून पोत्यांची थप्पी मारली की खिळ्याची गरजच नाही. मी भय्याजींना फोन केला. कोंडा भरून पोती द्या, म्हटलं.

"कोंडा तर वीटभट्टीवाला घेऊन गेला," भय्याजी म्हणाले. "धानाचीच देतो. माझीच आहेत, नंतर वापस आणू."

धान कोंड्याइतका मुरवत नाही, पण गोणपाटाचा बारदाना जाड, मधल्या फटी भरपूर, आणि फुकट मिळालेल्या पोत्यांत दाणे मोजू नयेत. दोन्ही बाजूंना कंबरेइतक्या थप्प्या लागल्या. गॅलरीच्या कठड्यावर मोहल्ल्यातल्या गोधड्या पडल्या. फोटो दिसायला अंधार हवा, म्हणून खिडक्यांवर बायकांनी गडद साड्या दिल्या. (बेबीबाईने लग्नातला शालू दिला आणि रोज येऊन तो नीट आहे का पाहून जायची.) मी टाळी वाजवली. हॉल एकदाच म्हणाला, आणि गप्प झाला. गुड्डीने "आऽ" केलं. उत्तर आलं नाही. ती ओठ काढून रडली. विज्ञानाची किंमत कोणाला तरी मोजावी लागते.

पोत्यांना कोणी हात लावू नये म्हणून मी मोठ्या अक्षरांत पाटी लिहिली: 'येथे ध्वनीचे शोषण होत आहे'. जागेश्वरने ती दारात बाहेरून लावली. दारावर 'ध्वनीचे' त्याच्या डब्याआड गेलं.

सकाळी मी पोचले तर हॉलसमोर ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मागे ट्रॅक्टर. त्यांच्या मागे बैलबंड्या, आणि सगळ्यांवर धानाची पोती. रांग पार चौकापर्यंत. मी गुड्डीला घेऊन आत गेले, दाराजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, आवाज मोजायचं यंत्र हातात घेतलं, आणि मान वर केली तर समोर एक म्हातारा शेतकरी ओंजळीत धान घेऊन उभा.

"कवडू नाव लिवा," तो म्हणाला. "लाखांदूरकडून आलो. काटा कुठी आहे?"

"कसला काटा?"

"धान मोजाचा, कसला! आमच्या तिकडचं केंद्र कधी बंद तर कधी बारदाना नाही. रातच्याला समजलं, पवनीले नवीन खरेदी केंद्र उघडलं, थप्प्या लागून राहिल्या. मंग निघालो." त्याने ओंजळ माझ्या यंत्राखाली धरली. "ओलावा पाहा. चांगला वाळवला आहे."

त्याच वेळी बाहेर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजला आणि मी सवयीने आकडा वाचला. "अठ्ठ्याहत्तर."

कवडूबाबांचा चेहरा उतरला. मागच्या रांगेत आकडा पोचला. सतरा टक्क्यांच्या वर ओलावा असला तर धान परत पाठवतात हे तिथल्या लहान मुलालाही माहीत. "अठ्ठ्याहत्तर म्हणजे धान आहे का दूध?" कोणीतरी ओरडलं. दुसरा म्हणाला, "मशीनच लबाड आहे!" तिसऱ्याने शांतपणे पाटीकडे बोट केलं. "आरडून फायदा नाही बाप्पा. त्याइनं दारावरच लिवून ठेवलं आहे, येथे शोषण होत आहे. आतापर्यंत कोणी इतकं खरं नव्हतं लिवलं."

मी खुर्चीवर उभी राहिले. ज्येष्ठमधाने कमावलेला सगळा आवाज लावून सांगितलं की हे केंद्र नाही, हे धान विकायचं नाही, ते आवाज शोषायला ठेवलं आहे, आणि हे यंत्र आवाज मोजतं. गुड्डी माझ्या कडेवरून प्रत्येक वाक्याला टाळ्या वाजवत होती.

इतक्या लांबून डिझेल जाळून आलेल्या माणसांना आपण आवाजासाठी धान ठेवलंय हे सांगताना मी ते यंत्र ओढणीआड धरलं. कवडूबाबांनी ओंजळीतलं धान परत पोत्यात ओतलं, एकही दाणा न सांडता.

तेवढ्यात कुठूनतरी एक साहेब जीपमधून उतरले. विनापरवाना खरेदी चालू असल्याची तक्रार होती. "या धानाचा सातबारा कुठे आहे?" त्यांनी मला विचारलं. मी त्यांना टाळी वाजवून दाखवली. त्यांनी ती अपमान म्हणून घेतली. भय्याजी धावत आले आणि आपल्या बारीक आवाजात पाऊण तास बोलले. साहेबांना त्यातलं काही ऐकू आलं नसावं, पण चहा घेऊन ते गेले. मग भय्याजी रांगेकडे वळले, आणि त्यांनी जे केलं त्याबद्दल मी त्यांना पुढचे सगळे अपराध माफ केले आहेत. खऱ्या केंद्राचं नक्की होईपर्यंत सगळ्यांची पोती त्यांनी आपल्या मिलच्या शेडखाली ठेवून घेतली. "आन् उद्घाटनाले या सगळे," ते म्हणाले. हे रांगेत मीच ओरडून सांगितलं.

"धान नाही घेत, तर निदान तमाशा तरी दाखवा," कवडूबाबा म्हणाले.

*

आता बाबांची गॅरंटी उरली होती. साध्या स्पीकरने बाबांचं भागणार नव्हतं. पण कानाच्या मशीनला एक छोटं बटण असतं. ते फिरवलं की मशीन आजूबाजूचं ऐकणं बंद करतं आणि हॉलभोवती फिरवलेल्या तारेतून थेट माइकचा आवाज घेतं. मध्ये भुंगे नाहीत, भांडी नाहीत. मी सतरंज्यांच्या कडेने हॉलभर तार अंथरली. जागेश्वर कमरेवर हात ठेवून पाहत होता.

"मॅडम, तारेच्या टोकाले डबा तर लावलाच नाही. तार फिरून वापस तिथंच आली."

"हो."

"मंग आवाज निघंन कुठून?"

"बाबांच्या कानात."

त्याने माझ्याकडे पाहिलं, गुड्डीकडे पाहिलं. एकटीने लेकरू सांभाळणाऱ्या बाईच्या डोक्यावर काय परिणाम होतो याचा विचार करत तो चहा प्यायला गेला.

बाबांना आणलं. मशीन कानात, बटण फिरवलं. मी माइकवर म्हटलं, "बाबा, ऐकू येतं?" मी बाबांचा चेहरा बारकाईने पाहत होते. तो आधी आकसला, मग त्यांनी हळूच मशीन काढून माझ्या हातात ठेवलं आणि माझ्या डोक्यावर हात फिरवला. "छान झालं पोरी. खूप छान."

वर्गात उत्तर चुकलेल्या पण मेहनती मुलांना ते असंच म्हणत असणार.

ते घरी गेल्यावर मी मशीन स्वतःच्या कानाला लावून पाहिलं. आत नुसतं 'गूंऽऽ'. मी सतरंजीवर बसले. खरं सांगते, रडणारच होते. पण गुड्डी रांगत रांगत भिंतीशी गेली होती आणि माझी तार ओढून तोंडात घालत होती. मी धावले, ओरडले, आणि माझ्या कानातलं गूं एकदम थांबलं. पंख्यांच्या वायरिंगला चिकटून गेलेली तार तिने तिथून लांब ओढली होती. हा दोष कोणी शोधला यावर आमच्या घरात एकमत नाही. सुगत चिखल्याच्या खाणीत सर्व्हेअर आहे आणि शनिवारी घरी येतो. तो म्हणतो, "तुझ्यावर गेली आहे." बेबीबाई म्हणते, "ज्येष्ठमध तिनंही चाटला होता."

बाबा मात्र परत चाचणीला तयार झाले नाहीत. "झालं ना आता. चांगलंच आहे," म्हणाले. एवढंच कबूल केलं की कार्यक्रमाला येतील. माझं मन राखायला येतील, हे त्यांनी म्हटलं नाही.

आणि आईंनी दुसरं कडवं बदललं. *आबाजी माये गुणाचे, आबाजी माये मानाचे.* मंडळातल्या बायकांना ते मुळीच आवडलं नाही.

*

उद्घाटन दुपारी होतं. हॉल गच्च. खाली माणसं, गॅलरीत माणसं, थप्प्यांवर कवडूबाबा आणि त्यांचे लाखांदूरवाले. ("बसलो तर चालते ना? का शोषण कमी होते?") मी मागे मिक्सरपाशी, गुड्डी माझ्या पाठीला ओढणीने बांधलेली. सगळं माझ्या आराखड्याप्रमाणे चाललं होतं. भय्याजी माइकसमोर उभे राहिले, म्हणाले, "बंधू आणि भगिनींनो," आणि बंधू एकदाच आले, भगिनी एकदाच आल्या. जागेश्वरने मला अंगठा दाखवला. मी मान ताठ केली.

आणि लाइट गेली.

पडद्यावरचा फोटो गेला, पंखे गेले, मोठे स्पीकर गेले. साड्यांनी झाकलेल्या हॉलमध्ये भर दुपारी अंधार. बायकांनी पटापट साड्या बाजूला केल्या. भय्याजींना काही कळलंच नाही. ते कागदात पाहून बोलतच होते. ओठ हलत होते. दुसऱ्या रांगेपर्यंतही काही पोचत नव्हतं.

"आवाज! आवाज!" लोक ओरडले. मीही ओरडले, "भय्याजी, थांबा! थांबा!" घसा फाटेपर्यंत. माझं सगळं शिक्षण, कंपनी, आराखडा, परवानगी, अख्ख्या मोहल्ल्यासमोर मातीत गेलं होतं.

मग मधल्या रांगेतून, सगळ्या गोंधळाच्या वरून, निम्म्या पवनीला शाळेपासून ओळखीचा असलेला आवाज आला.

"शांत बसा! ते म्हणून राहिले की, या वास्तूनं पवनीच्या चार पिढ्या पाहिल्या!"

हॉल वळला. बाबा उभे होते. कानात मशीन, चेहरा असा की जणू कोणी खिडकी उघडली आहे.

मी मिक्सरकडे पाहिलं. हिरवा दिवा चालू. मिक्सर आणि तारेचा छोटा अँप्लिफायर मी घरून आणलेल्या इन्व्हर्टरवर जोडला होता. मोठे स्पीकर बंद होते, पण तार जिवंत होती. त्या अख्ख्या हॉलमध्ये एकाच माणसाला ऐकू येत होतं, आणि तो बाबुलाल गुरुजी होता.

"ते म्हणतात," बाबांनी घोषणा केली, "आपल्या पूर्वजांनी लोकवर्गणीतून ही वास्तू उभारली!" टाळ्या. "ते म्हणतात, तिचं जतन करणं आपलं कर्तव्य आहे!" टाळ्या. भय्याजींच्या भाषणाला आयुष्यात एवढ्या टाळ्या मिळाल्या नव्हत्या. ते खुलले. पान उलटताना शेजारच्या, समितीच्या सेक्रेटरीकडे झुकून काहीतरी पुटपुटले.

"ते म्हणतात," बाबा गरजले, "हे भाषण कोणं लिवलं रे, संपतच नाही!"

गॅलरी कोसळते की काय असं वाटलं. भय्याजी दचकले, माइकवर हात ठेवला आणि घाबरून आणखी काहीतरी म्हणाले.

"ते म्हणतात, गुरुजीले चूप करा!" बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, आणि मग स्वतःलाच काय सांगितलं ते त्यांच्या लक्षात आलं. भय्याजी आधी लाल झाले, मग हसायला लागले. त्यांचं हसणंही बाबांखेरीज कोणाला ऐकू आलं नाही, पण दिसलं सगळ्यांना. त्यांनी भाषणाची घडी करून खिशात ठेवली.

पाळण्यासाठी बायका स्टेजवर आल्या. भय्याजींनी मला हाताने विचारलं, लाइट येईपर्यंत थांबायचं का. मी उत्तर द्यायच्या आधी बाबा म्हणाले, "थांबू नका. मले ऐकू येऊन राहिलं."

आईंनी माइक हातात घेतला. तो हॉलसाठी मेलेला होता. त्या गायला लागल्या. हॉलमधली कुजबूज विरत गेली, आणि मी कधीच न मोजलेली गोष्ट घडली. दाटीने बसलेली माणसं, भरलेली पोती, गोधड्या, शालू, या सगळ्यांच्या मधून आईंचा साधा, चुलीपुढचा आवाज सरळ गॅलरीपर्यंत गेला. कुठे आपटला नाही, परत फिरला नाही. जिथे पोचायचा तिथे जाऊन थांबला.

पहिलं कडवं संपलं.

"गुरुजी," थप्पीवरून कवडूबाबांनी माइकातही शिरेल इतक्या जोराने ओरडून विचारलं, "आता सांगून नाही राहिले?"

बाबांनी मागे न पाहता हात वर केला. "हे माझं आहे. तुम्ही तुमच्या कानानं ऐका."

दुसरं कडवं. आई क्षणभर थांबल्या. *गुणाचे, मानाचे* त्यांच्या ओठांवर आलेलं मला लांबून दिसलं. मग त्यांनी बाबांकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि पदर कमरेला खोचला.

*आबाजीले मारू हाका, आबाजी काही वळत नाही...*

मंडळातल्या बायकांनी आनंदाने उचलून धरलं. हसणं दाबल्याचे आवाज हॉलभर फुटले. बाबांची मान कौतुकाने डोलत होती, ती मध्येच थांबली. खाटेजवळच्या सगळ्या संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेल्या असाव्यात.

*दगडाले फुटंन पाझर, आबाजीले...*

"वळलो ना वो!" बाबा अख्ख्या पवनीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "वळलो! म्हण पुढं!"

त्यापुढचं तिसरं कडवं आईंना आठवलं नाही. माइक खाली धरून त्या उभ्या होत्या. हसत होत्या की काय, ते पदरामुळे कळलं नाही. शेवटी हॉलनेच पहिलं कडवं परत म्हटलं. माझ्या पाठीवर गुड्डीचं डोकं जड झालं होतं. पाळणा चालू झाला की झोपायचं, एवढं तिला पक्कं माहीत आहे.

जागेश्वर वाकून वाकून माझ्यापाशी आला. डोळे मोठे. "मॅडम," तो कानाशी कुजबुजला, "डबा नाही, लाइट नाही, काही नाही. पण आवाज बसला!"

मला खूप काही सांगायचं होतं. आराखडा, माणसं, धान, तार, कोणती गोष्ट ठरवून झाली आणि कोणती नाही. मी तोंड उघडलं. आतून काही आलं नाही. घसा मघाच्या ओरडण्याने पुरता बसला होता.

माझ्या पुढच्याच रांगेतली बेबीबाई मागे वळली. न बोलता कमरेचा बटवा सोडला आणि ज्येष्ठमध माझ्या हातावर ठेवला.